पैलवानाची म्हैस

माझ्या डाव्या भुवईच्या वर एक व्रण आहे. कशाने झाला असं कुणी विचारलं की मी सांगते, दुधाने. लोकांना वाटतं मी थट्टा करते. पितळी तांब्या, त्यात काठोकाठ धारोष्ण दूध, आणि तो गोठ्यात चार हातांवरून सरळ माझ्या कपाळावर आला. रक्त आणि दूध एकत्र गालावरून ओघळून चोळीत उतरत होतं. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगते. एवढं दूध तरी नवऱ्याच्या पोटात गेलं नाही, असं वाटलं आणि बरं वाटलं.

माझं माहेर म्हसवडजवळ, माण तालुक्यातलं. आमच्याकडे बाजरी, हुलगे, मटकी आणि पाऊस झालाच तर ज्वारी. भाजी म्हणजे रानातली चिवळ नाहीतर तांदुळजा. तूप औषधाला. सासर कुंडलच्या अलीकडचं, कृष्णेच्या पाण्यावरचं. दार उघडलं की ऊस, मागचं दार उघडलं की ऊस. लग्न होऊन आले तेव्हा बायका माझे दंड चाचपून बघत होत्या आणि दुष्काळातली पोर आणली म्हणून एकमेकींना सांगत होत्या. मी ऐकून घेतलं. तेव्हा नवीन होते म्हणून, नाहीतर ऐकून घ्यायचा माझा स्वभाव नाही.

या घरात दोन पिढ्या पैलवान. सासऱ्यांचे दोन्ही कान तालमीतल्या मातीत घासून घासून चुरगळलेले, नवऱ्याचा एक. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घराचा कायदा सासऱ्यांचा. त्या कायद्यातलं पहिलं कलम म्हणजे पैलवानाची म्हैस. गोठ्यात म्हशी चार असल्या तरी एक म्हैस पैलवानाच्या नावाची. तिचं दूध डेअरीला जायचं नाही, चहाला जायचं नाही, लेकराबाळांना मिळायचं नाही. तिचं रेडकूसुद्धा पान्हा फुटेपर्यंत लावायचं आणि लगेच कान धरून ओढून बाजूला बांधायचं. ते हंबरत राहायचं आणि दावं तोडायला बघायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, काठीने त्याला मागे ढकलायचे आणि चरवीत धार काढायचे. फेस जिरायच्या आत ते दूध वरून तूप घालून पैलवानाने उभ्याने प्यायचं. दुपारी बदाम, खसखस आणि खडीसाखर वाटून केलेली थंडाई. रात्री रस्सा, भाताचा ढीग, आणि झोपताना परत दूध, त्यात गुळाचा खडा. याला खुराक म्हणतात. पहाटेपासून जोर, बैठका आणि कुस्त्या मारणाऱ्या अंगाला तो लागतोही. त्याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण पुढचं आहे. नवऱ्याचा गुडघा एका कुस्तीत मोडला. समोरच्याने पाय धरून पिळला आणि मैदानावर बसलेल्या सगळ्यांना तो आवाज ऐकू गेला, असं तो सांगतो. त्या दिवशी त्याची पैलवानकी संपली. लंगोट खुंटीला लागला, तालीम बंद झाली, जोर गेले, बैठका गेल्या. खुराक तेवढा राहिला. दिवसभर मोटारसायकलवर बसून उसाला पाणी फिरलं का बघायचं, ऊसतोडीच्या टोळीवाल्यांशी बोलायचं, चौकात टेकायचं, आणि पोटात माल जायचा तो मैदान मारणाऱ्या गड्याचा. आमच्या भागात हे घरोघर आहे. कुस्ती सोडलेला माणूस खुराक सोडत नाही, कारण खुराक सोडला तर लोक म्हणतात, पैलवान वाळला. या मुलखात याहून वाईट शिवी पैलवानाला नाही.

मामंजींचा एक पाय गुडघ्याखाली नाही. मी आले तेव्हा होता. ताडमाड माणूस, चालले की ओट्यावरची भांडी हलायची. मग दोन वर्षांत बघता बघता उतरले. गाल बसले, दंडाची कातडी लोंबायला लागली, सारखं पाणी मागायचे, सारखे उठायचे. साखरेचा आजार होता, पण दवाखान्यात जाईल तो पैलवान कसला. त्या काळात घरी लग्नकार्याचा आणि आजारपणाचा घोळ चालला होता, म्हशी विकल्या होत्या, खुराक तुटला होता. एकदा तोडणी झालेल्या रानातून चालताना चप्पल फाडून उसाचा टोकदार खुंट त्यांच्या तळव्यात घुसला. त्यांना कळलंच नाही. घरभर रक्ताचे ठसे मी पुसले, आणि हे विचारत होते की कुणाला लागलं. जखम सडली. सांगलीच्या दवाखान्यात आधी बोटं कापली, मग घोटा, मग नडगीच्या मधोमध. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पांघरूण बाजूला करून बघितलं आणि उशाची सलाईनची सळई उपटून डॉक्टरच्या दिशेने फेकली. घरी आल्यावर लाकडी पाय माळ्यावर टाकून दिला, कुबडी घेतली आणि आधी गोठ्यात परत म्हशी आणवल्या, त्यातली एक पैलवानाची.

दवाखान्यातून निघताना मला बजावून सांगितलं होतं की उरलेल्या पायाच्या नसाही मेल्या आहेत, काही लागलं तर यांना कळणार नाही, म्हणून रोज तळवा बघत जा. मी पहिल्याच दिवशी बघायला गेले, तर पाय झटकला. म्हणाले, सुनेने पाय धरायचा तो पाया पडताना, तळवा बघायला नाही. मी परत गेले, परत झटकला. तिसऱ्यांदा कुबडी उगारली. मी हात जोडले आणि नवऱ्याला सांगितलं, तू बघ. लेकालाही बघू दिला नाही.

मग नवऱ्याची पाळी आली. मामंजींना तपासणीला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंचं लक्ष पेशंटपेक्षा माझ्या नवऱ्याच्या मानेकडेच जास्त. मानेच्या मागे वळ्यांमध्ये काळं पडलं होतं, मी रोज घासायला सांगायची. बाई म्हणाल्या, हा मळ नाही, ही खूण आहे. रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं की साखर अजून झालेली नाही, पण उंबऱ्यावर येऊन उभी आहे. वडिलांना आहे म्हणजे याला धोका जास्त. पण उंबऱ्यावर आहे तोवर तिला मागे लोटता येतं, निदान पुष्कळ लांब ठेवता येतं. पोट उतरवा, थोडं वजन उतरलं तरी फरक पडतो. रोज घाम फुटेल असं चाला. थंडाई, गूळ, गोड चहा, बेकरीचा माल बंद. भात मुठीएवढा. भाकरी, डाळी, कडधान्यं, पालेभाजी पोटभर खा. दूध काही विष नाही, पण कपभर पुरे, चरवीभर नाही. नवरा विचारत होता, गोळी नाही का एखादी. बाई म्हणाल्या, सध्या गोळी तुमच्या बायकोच्या हातात आहे.

घरी येताना मोटारसायकलवर मी मागे बसले होते आणि माझी नजर सारखी त्याच्या पायाकडे जात होती. ब्रेकवर ठेवलेला, भरलेला, केसाळ पाय. मला तो नडगीच्या मधोमध कापलेला दिसायला लागला. मला भीती वाटली, आणि मला भीती वाटली की राग येतो. त्या रागाने मी घरी आल्या आल्या तुपाची चिनी मातीची बरणी उचलली आणि मागच्या दगडी पायरीवर आपटली. मामंजी ओट्यावरून ओरडत सुटले. गल्लीतली कुत्री दोन दिवस ती पायरी चाटत होती.

पुढचे दीड-दोन महिने आमच्या घरात जे झालं ते कुणाच्या घरात होऊ नये. मी माहेरचं जेवण सुरू केलं. बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, मोडाची मटकी, पालेभाजी, कारळाची चटणी, ताक. सासरच्या भाषेत दुष्काळी खाणं. पहिल्या दिवशी नवऱ्याने माडग्याची वाटी वास घेऊन भिंतीवर मारली. तो डाग अजून आहे. दुसऱ्या दिवशी फ्रिजला लाथ घातली तर दाराची बिजागरी तुटली. भुकेला पैलवान दावं तोडलेल्या बैलासारखा असतो. त्याला चारी बाजूंनी भिंती दिसतात आणि प्रत्येक भिंतीला डोकं द्यावंसं वाटतं. एकदा संध्याकाळी त्याने भात मागितला, मी मुठीएवढा वाढला, त्याने माझं मनगट धरलं. पैलवानाची पकड काय असते ते मला त्या दिवशी कळलं, हाडावर हाड घासलं. दुसऱ्या हातात तव्यावरचं तापलेलं उलथणं होतं. मी ते त्याच्या गालाजवळ नेलं आणि तिथंच धरलं. त्याने आधी उलथण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात सोडला. मनगट आठवडाभर काळंनिळं होतं. त्याने परत कधी माझ्या अंगाला हात लावला नाही, पण त्या एका वेळेचा हिशोब मी मिटवलेला नाही, आणि हे त्याला माहीत आहे.

तरी तो हळूहळू वळणावर येत होता. कॅनॉलच्या कडेने चालायला जायला लागला. गुडघा दुखेल एवढं नाही, पण घाम निथळेल एवढं. चहा बिनसाखरेचा पिऊन शिव्या द्यायचा, पण प्यायचा. मला खटकत होतं ते एवढंच, की पोट उतरत नव्हतं. एवढं करून पट्ट्याचं भोक तेच. मला वाटलं चौकात वडापाव खातो. दोन दिवस चौकातल्या गाड्यावाल्याच्या मागे लागले, तो बिचारा देवाच्या शपथा घ्यायला लागला.

मग एका सकाळी शेण काढायला म्हणून जरा लवकर गोठ्यात गेले. मामंजी स्टुलावर बसलेले, कुबडी शेजारी, आणि नवरा त्यांच्यासमोर उभा राहून चरवी तोंडाला लावून घटाघटा पीत होता. लहान मूल औषध पितं तसे डोळे मिटून. मामंजी दुसरा तांब्या भरून तयार ठेवून होते. बाजूला रेडकू गळफास लागल्यासारखं दावं ताणून हंबरत होतं.

मी चरवीच हिसकली. दूध तिघांच्या अंगावर उडालं. नवरा मागे सरकला, चोरी पकडल्यासारखा. मी त्याला काही बोलले नाही, बोलले ते मामंजींना. बोलू नये ते सगळं बोलले. स्वतःचा पाय खाल्ला, आता पोराचा खायला बसलात, असं म्हणाले. हेच शब्द होते, आणि मी ते मागे घेतलेले नाहीत. तेव्हा तो तांब्या आला.

मी खाली बसले नाही, मला बसायचंच नव्हतं. भुवईतून रक्त डोळ्यात जात होतं आणि एका डोळ्याने मला मामंजी लाल दिसत होते. ते स्टुलावरून उठून एका पायावर उभे होते, गव्हाणीला धरून.

“खुराक तुटला म्हनून माझा पाय गेला,” ते म्हणाले. “म्हशी इकल्या, दूध बंद झालं, आनि म्या वाळलो. सगळ्या गावानं बघितलंय. वाळलो आनि मग पाय गेला. पोराला म्या वाळू देनार न्हाई.”

तेव्हा मला हा माणूस पहिल्यांदा कळला. साखरेने त्यांना आतून वाळवलं होतं, आणि त्यांना वाटत होतं की दूध तुटल्याने वाळले. वाळणं हाच आजार, असं त्यांनी मनाशी बांधून घेतलं होतं. लेकाच्या ताटात माडगं दिसलं की त्यांना त्याचा पाय कापलेला दिसत असणार, मला दिसायचा तसाच. आम्ही दोघं एकाच पायासाठी एकमेकांच्या जिवावर उठलो होतो. हे कळल्याने माझा राग गेला असं नाही. कपाळ ठणकत असताना समजूतदारपणा सुचत नाही.

नवऱ्याने माझं तोंड बघितलं आणि तो बापाच्या अंगावर गेला. मामंजींनी सवयीने मानेवर हात टाकला, नवऱ्याने तो खांद्याने उडवला. दोन माणसं शेणात, दुधात घसरत एकमेकांना लोटत होती. म्हशी बिथरून दावी ओढायला लागल्या. नवरा पायात हात घालायला खाली वाकला आणि तिथंच अडकला, कारण धरायला पायच नव्हता. मग त्याने बापाला कमरेला मिठी घातली, सरळ वर उचलला आणि वैरणीच्या ढिगावर नेऊन बसवला. आपटला नाही, बसवला. एवढं करून त्याला धाप लागली नव्हती, हे मीसुद्धा बघितलं. मामंजींनी त्याचं मनगट धरलं होतं ते सोडेचनात. रागाने धरलंय असं मला वाटलं. बराच वेळ धरून होते, अंगठा नसेवर दाबून, आणि एकदा मनगटाकडे, एकदा लेकाच्या तोंडाकडे बघत होते. मग सोडलं.

कपाळाला टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी कशाने लागलं विचारलं, मी खरं सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की तो खाली बघायला लागला. त्यानंतर त्याने गोठ्यात जाऊन दूध प्यायलं नाही. मामंजी आमच्याशी बोलायचे बंद झाले. पण सकाळी पैलवानाच्या म्हशीची धार काढायचे आणि भरलेला तांब्या आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवायचे. एका हातात कुबडी, एका हातात तांब्या, एक थेंब न सांडता. मीही हट्टाची. मी तो तांब्या उचलायची, दुधाला विरजण लावायची, लोणी काढून शेजारी देऊन टाकायची आणि ताक करून त्यांच्या देखत त्यांच्या पैलवानाला पाजायची. एकदा त्यांनी रागाने ताकाचं भांडं कुबडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी परत तांब्या उंबऱ्यावर होता आणि परत त्याचं ताक झालं.

मग पट्ट्याचं भोक बदललं. मानेवरचं काळं पुसट झालं. गुडघ्याला पट्टा बांधून तो थोड्या बैठका मारायला लागला, जोर काढायला लागला. ओट्यावरून मामंजी तिरप्या नजरेने मोजायचे, ओठ हलताना दिसायचे. बाईंनी परत रक्त तपासलं आणि सांगितलं की साखर उंबऱ्यावरून खाली उतरली आहे, पण गल्लीतच आहे, खुराक परत सुरू केला तर परत येईल. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. रागाने रडते तशी नाही, वेगळी.

यात्रेला गावचं कुस्त्यांचं मैदान भरलं. जुन्या पैलवानांना फेटे बांधतात म्हणून नवरा आणि मामंजी दोघंही गेले. पोरींच्याही कुस्त्या होत्या, त्यामुळे आम्ही बायका कडेला लावलेल्या ट्रॉलीत बसलो होतो. हलगी वाजत होती, मातीचा आणि घामाचा वास येत होता. फेटा बांधून नवरा बाहेर आला, तिथं त्याचा तालमीतला जुना जोडीदार उभा होता. आता पोट पुढे आलेला, तोंडाला दारूचा वास मला ट्रॉलीत येईल एवढा. त्याने नवऱ्याच्या पाठीत थाप मारली, थाप कसली, रट्टाच तो, आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला की फेटा मोठा आणि पैलवान बारीक झालाय. लोक हसले. नवराही हसला. मग तो जोडीदार म्हणाला की दुष्काळातली बायको केली की उपाशी मरायची पाळी येते. मी ट्रॉलीतून खाली उतरायला लागले.

“बाप असाच वाळला हुता,” तो म्हणाला. “पाय गेला त्येचा. आता तुजा कवा कापत्यात, गड्या?”

नवऱ्याने फेटा काढून बाजूला ठेवला. व्यवस्थित, घडी न मोडता. मग त्याच्या पट्ट्यात हात घातला, अंगावर घेतला आणि खडीवर टाकला. आवाज असा झाला की जवळची हलगी थांबली. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. त्याच्याबरोबरचे तिघं-चौघं नवऱ्यावर तुटून पडले. एकाने मागून गळा आवळला, एकाने मोडक्या गुडघ्यावर लाथ घातली. कुणाच्या तरी हातातली सोड्याची बाटली फुटली. मी पोचले आणि गळा आवळणाऱ्याच्या दंडाला चावले, तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी सणसणत गेलं. मामंजींची कुबडी होती. ते एका पायावर उड्या मारत मध्ये शिरले होते आणि कुबडी दोन्ही हातांनी फिरवत होते. एकाच्या खांद्यावर बसली, एकाच्या पाठीत. लोक मागे हटले, वस्ताद मंडळी धावत आली, रिंगण झालं आणि मध्ये मामंजी उभे राहिले.

खाली पडलेला तो नाक धरून बसला होता. मामंजींनी धोतर मांडीपर्यंत वर केलं आणि कापलेला पाय सगळ्यांसमोर धरला. टाक्यांच्या सुरकुत्या पडलेला, गुळगुळीत, आखूड. मी तो इतक्या उजेडात कधी बघितला नव्हता.

“ह्ये बघा,” ते म्हणाले. “वाळलेला पैलवान ह्यो हाय. पोराचं मनगट म्या धरून बघितलंय, त्यो वाळला न्हाई. म्या वाळत हुतो तवा ह्येच समदं गाव म्हनत हुतं, पैलवान खा, दूध पी. मला कुनी आडवलं न्हाई रं. एकानंबी न्हाई.”

मामंजींनी धोतर सोडलं. त्यांची चप्पल त्या गर्दीत कुठे गेली ती सापडली नाही. नवऱ्याने पाठीवर घ्यायला बघितलं, तर ढकलून दिलं, आणि कुबडी टेकत, एका अनवाणी पायावर घरापर्यंत चालत आले. मी मागून चालत होते. माझे केस सुटले होते आणि पदराला दुसऱ्याचं रक्त होतं.

सकाळी उंबऱ्यावर तांब्या नव्हता. मी गोठ्यात गेले. मामंजी स्टुलावर बसले होते आणि चरवी उपडी होती. त्यांनी रेडकाचं दावं सोडलं होतं. ते रेडकू चारी पाय फाकवून कासेला ढुशा मारत होतं, एवढ्या जोराने की म्हैस पुढे सरकत होती. तोंडातून फेस गळत होता आणि त्याला ओढायला कुणी नव्हतं. मामंजी त्याच्याकडे बघत होते.

मी आलेली कळल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता पाय पुढे केला.

“बघ,” ते म्हणाले. “काय लागलंय का. मला कळत न्हाई.”

मी शेणाच्या जमिनीवर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. तळवा चिखलाने आणि वाळलेल्या रक्ताने काळा झाला होता. कोमट पाणी आणून धुतला. टाचेजवळ काच होती, बाटलीची, कालची, नखाएवढी बाहेर आणि बाकीची आत. आजूबाजूला लाल होऊन गरम लागत होतं. मी नवऱ्याला हाक मारून मोटारसायकल काढायला सांगितली, स्वच्छ फडकं घेतलं आणि काच धरून ओढली. त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांचं सगळं लक्ष रेडकाकडे होतं.

काच माझ्या मुठीत आल्यावर त्यांनी विचारलं, काही आहे का गं.

मी हो म्हटलं आणि फडकं घट्ट बांधलं. कपाळावरच्या तांब्याचा राग तेव्हाही गेला नव्हता, आजही गेलेला नाही. तो पाय मात्र मला पाहिजे होता.